शाळेतल्या मुलांसोबत प्रोजेक्ट करायचाय? कंपनीवाल्यांनो, आधी हे वाचा

कंपनीत कुणाला तरी एक दिवस वाटतं की आपण शाळेसाठी काहीतरी करायला पाहिजे, मग मीटिंग होते, एचआरवाले उत्साहात येतात, टी-शर्ट छापायचे ठरतात आणि खरं सांगू, बऱ्याचदा टी-शर्टच सगळ्यात आधी तयार होतात. आमच्याकडे पण तेच झालेलं. मी पॅकिंग-डिस्पॅच बघणाऱ्या टीममध्ये आहे आणि गेली काही वर्षं शाळांबरोबरचे प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडलेत, पहिला सपशेल फसला, दुसरा बरा झाला, त्यानंतरचे चांगले म्हणावे असे. कुणी विचारलं की तेच तेच परत सांगावं लागतं म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. शिक्षकांनी वाचलं तरी चालेल, पण हे मुख्यतः कंपनीच्या बाजूने बसलेल्यांसाठी आहे, कारण माती खातो ती बहुतेक वेळा आपणच.

पहिल्या वेळी आम्ही मुलांना काय दिलं माहितीये? "आमच्या कंपनीसाठी भविष्यातलं एक ॲप सुचवा." झालं. सहा आठवड्यांनी पाच ग्रुपनी पाच प्रेझेंटेशनं आणली, पाचहीत पहिल्या स्लाइडवर आमचाच लोगो ताणून रुंद केलेला, शेवटच्या स्लाइडवर थँक यू आणि मधे इंटरनेटवरून उचललेलं काहीबाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. निघताना एक मुलगा दारात थांबून मला म्हणाला, "सर, हे ॲप तुम्ही खरंच बनवणार का?" मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे काय ते त्यालाही कळलं.

त्या पोरांची काही चूक नव्हती. आम्ही त्यांना प्रश्नच दिला नव्हता, नुसता विषय दिला होता.

आधी हे नक्की काय असतं ते

शाळेत नेहमी होतं ते असं की धडा शिकवून होतो, मग शेवटी त्यावर एक तक्ता नाहीतर मॉडेल करून आणायचं, ते अर्धं घरच्यांनी केलेलं असतं, मार्क मिळतात, विषय संपला. प्रोजेक्टमधून शिकणं याच्या उलटं आहे. इथे आधी प्रश्न येतो, तो सोडवता सोडवता मुलांना गणित लागतं, विज्ञान लागतं, चार ओळी धड लिहिता याव्या लागतात आणि ज्या क्षणी गरज पडते त्या क्षणी शिक्षक ते शिकवतात. कल्पना काही नवीन नाहीये. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात जी प्रयोगशाळा-शाळा काढली तिथे मुलं सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक करता करता माप, वजन, रसायनं शिकत होती, आणि पुढे १९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक यांनी याच विचाराला 'प्रोजेक्ट पद्धत' या नावाने मांडलं, त्यांचा सगळा जोर कशावर होता तर मुलाने ते काम मनापासून आणि स्वतःचा हेतू धरून करण्यावर. शंभर वर्षं झाली तरी फसायची जागा तीच आहे, हेतू मुलाचा नसतो, आपला असतो.

कंपन्या यात उतरल्याची पण जुनी उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने १९६३ मध्ये क्लिनिक नावाचा कार्यक्रम सुरू केला, कंपनी आपला खरा तांत्रिक प्रश्न घेऊन येते आणि विद्यार्थ्यांची टीम वर्षभर त्यावर काम करते. ते कॉलेजचं झालं. शाळेच्या पातळीवर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पी-टेक शाळा सुरू झाली, त्यात आयबीएम, शहराचं शिक्षण खातं आणि तिथलं सिटी युनिव्हर्सिटी असे तिघं एकत्र आले, नववीपासून सहा वर्षांचा कार्यक्रम, सोबत मेंटॉर (म्हणजे मुलांना वाट दाखवणारा कंपनीतला माणूस) आणि इंटर्नशिप. हे ऐकून घाबरू नका, तुम्हाला सहा वर्षांचं काही उभं करायचं नाहीये. आठ आठवडे, एक वर्ग, एक प्रश्न. पहिल्या वेळी याच्यापेक्षा जास्त अजिबात नको.

प्रश्न निवडणं (इथेच निम्मं काम आहे)

माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: प्रश्न खरा द्या, पण ज्यावर तुमचं घोडं अडलेलं नाही असा द्या.

खरा म्हणजे कंपनीत किमान एका माणसाला त्याचं उत्तर मनापासून हवंय. त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता आलं पाहिजे. "मॅनेजमेंटला इंटरेस्ट आहे" हे चालणार नाही, कोण, नाव सांगा. आणि घोडं अडलेलं नाही म्हणजे काय, तर मुलांचं उत्तर दोन महिने उशिरा आलं किंवा आलंच नाही तरी तुमची डिलिव्हरी थांबणार नाही, क्लायंट ओरडणार नाही. कारण ज्या दिवशी प्रश्न अर्जंट होतो त्या दिवशी तुमचा मेंटॉर मुलांच्या हातातून काम काढून घेऊन स्वतः करायला लागतो, मी स्वतः केलंय हे, पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टीसाठी पोरं दोन पिरियड घालवतायत हे बघवत नाही आणि आपण म्हणतो दे इकडे. तिथे शिकणं संपलं.

अजून दोन चाळण्या लावायच्या. एक, मुलांना ती गोष्ट डोळ्यांनी बघता, हाताने मोजता, माणसांना विचारता आली पाहिजे, म्हणजे गोपनीय डेटा न देता काम होईल. दोन, उत्तरं एकापेक्षा जास्त असली पाहिजेत आणि ती एकमेकांशी भांडली पाहिजेत. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहितीये तो प्रश्न म्हणजे परीक्षेचा पेपर, मुलांना त्याचा लगेच वास येतो.

उदाहरणं देतो. हॉस्पिटल असेल तर "आरोग्याबद्दल जागृती करा" नको, "बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आपला नंबर साधारण कधी लागेल हे कसं कळेल" हे द्या. बँक असेल तर "बचतीचं महत्त्व" नको, "या फॉर्ममधला कुठला रकाना लोक सगळ्यात जास्त चुकवतात आणि का". सॉफ्टवेअरवाले असाल तर ॲप सुचवा म्हणू नका (प्लीज), तुमच्या मदतीच्या पानावरची एक सूचना द्या आणि म्हणा, हे वाचून दहा अनोळखी माणसांना काम जमतंय का बघा, नसेल जमत तर लिहून दाखवा. गॅरेज असेल तर गिऱ्हाईकाला बिलातल्या कुठल्या ओळी कळत नाहीत. लहान प्रश्न आहेत, हो, आणि लहानच हवेत, लहान प्रश्नात खोल जाता येतं.

आमचा दुसऱ्या वेळचा प्रश्न होता: परत येणारे बॉक्स नेमके कुठे चेपलेले असतात आणि का? आमच्या सगळ्यांचं मत पक्कं होतं की पुठ्ठा हलका आहे, जाड घेतला की संपलं. नववीची मुलं आली, त्यांनी साठ परत आलेले बॉक्स घेतले, कागदावर बॉक्सची उलगडलेली आकृती काढली आणि प्रत्येक बॉक्सचं चेपलेलं ठिकाण त्याच एका आकृतीवर टिंब देऊन मांडलं. साठ बॉक्स, एक कागद. टिंबं बघितल्यावर दिसलं की कोपरे बऱ्यापैकी शाबूत आहेत, भिंती मधेच बसल्यात. मग एक मुलगी ट्रॉलीपाशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली, कुणाला वाटलं कंटाळली. ती परत येऊन म्हणाली, "वरचा बॉक्स खालच्याच्या बरोब्बर वर नाही ठेवत हे, विटांसारखे ठेवतात, म्हणजे वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो."

पॅकेजिंगवाल्यांना हे पुस्तकात माहिती असतं की पुठ्ठ्याच्या बॉक्सची ताकद मुख्यतः त्याच्या उभ्या कडांत आणि कोपऱ्यांत असते, कोपऱ्यावर कोपरा आला तर तो वजन पेलतो, सरकला तर भिंत वाकते. पण आमच्या ट्रॉलीकडे त्या नजरेने कुणी बघितलंच नव्हतं. मजा पुढे आहे. आम्ही लगेच म्हणालो, चला, उद्यापासून सरळ रचा. तर पॅकिंग टेबलवर बारा वर्षं काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, सरळ रचले तर वळणावर अख्खी रास कलंडते, म्हणून तर विटांसारखे रचतो. आता झाला खरा प्रश्न! पोरांचे डोळे चमकले अक्षरशः. एका ग्रुपने जाड पुठ्ठ्याचा हिशोब मांडला, दुसऱ्याने पट्टा बांधायचं सुचवलं, तिसऱ्याने खालचे थर सरळ आणि फक्त सगळ्यात वरचा थर विटांसारखा असं करून ट्रॉली वळणावरून दहादा फिरवून बघितली. विज्ञानाच्या सरांनी मधेच दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ घेतलं, आणि त्या दिवशी तो धडा कुणाला समजावून सांगावा लागला नाही म्हणे.

शिक्षकांशी आधी बोला, आणि बोला म्हणजे ऐका

परवानगी मुख्याध्यापकांची लागते, ती घ्यायचीच, पण तुमचा पार्टनर म्हणजे वर्गात उभा राहणारा शिक्षक. कितीतरी कंपन्या वरच्या वर करार करतात, फोटो निघतो, आणि शिक्षकाला कळतं की गुरुवारपासून तुमच्या दोन पिरियडात पाहुणे येणार आहेत. मग तो हसून सहन करतो आणि मनात म्हणतो माझा पोर्शन कोण संपवणार. बरोबर आहे त्याचं.

म्हणून पहिल्या भेटीला प्रेझेंटेशन नेऊ नका. वही न्या. विचारा: या सत्रात कुठला भाग मुलांच्या डोक्यात उतरत नाही? आठवड्याला किती पिरियड सुटू शकतात, खरेखुरे? वर्गात किती मुलं? कुणाला वाचायला-लिहायला, चालायला-ऐकायला वेगळी मदत लागते? याआधी बाहेरचं कुणी आलं होतं का आणि त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, त्यात बहुतेक वेळा तुमच्यासारख्याच एका कंपनीची गोष्ट असते जी दोनदा आली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही.

मग दोघांनी बसून एक पानाचा कागद करायचा, एकच पान. प्रश्न काय, मुलांनी यातून कुठलं कौशल्य आणि कुठले धडे शिकायचेत, शेवटी हातात काय यायला हवं (रिपोर्ट, नमुना, डेमो), कुठल्या आठवड्यात काय, कंपनीकडून कोण, किती वेळ. धड्यांची ओळ शिक्षक लिहितील, प्रश्नाची ओळ तुम्ही. यात अदलाबदल केली की घोळ होतो, आपण शिकवायला जातो आणि शिक्षक बिचारे आपल्या धंद्याचा अंदाज बांधत बसतात.

आणि एक गोष्ट जी कुणी करत नाही आणि जिचा फायदा सगळ्यात जास्त: प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी शिक्षकांना एक दिवस कामाच्या जागी बोलवा. कॉन्फरन्स रूममध्ये नाही, प्रत्यक्ष काम चालतं तिथे. आमच्याकडे सर दिवसभर डिस्पॅचला उभे राहिले, शेवटी म्हणाले की मला माझ्या पुस्तकातले तीन धडे इथे दिसले. आम्हाला त्यातला एकही दिसला नव्हता.

वेळापत्रक

शाळेचं वर्ष आणि कंपनीचं वर्ष यांचं कधी जमत नाही. त्यांच्या परीक्षा, स्पर्धा, सुट्ट्या, तुमचं तिमाहीचं टोक, ऑडिट, पीक सीझन. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे मोकळे असलेले आठ आठवडे शोधा, नसतील तर सहा करा पण ऑडिटच्या आठवड्यात मेंटॉर येईल या भ्रमात राहू नका.

आठ आठवडे साधारण असे जातात. पहिल्या आठवड्यात तुम्ही वर्गात जाऊन प्रश्न मांडता, शक्यतो वस्तू घेऊन, आम्ही चेपलेला बॉक्स टेबलावर ठेवला आणि काहीच न बोलता दोन मिनिटं थांबलो, मुलांनी स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुसरा-तिसरा आठवडा बघणं, मोजणं, माणसांना विचारणं, यात एक भेट कामाच्या जागी. चौथ्यात कच्चं उत्तर. पाचव्यात तुम्ही त्यावर बोलायचं. सहावा-सातवा सुधारणा आणि प्रत्यक्ष करून बघणं. आठव्यात मांडणी. सगळ्यात जास्त कात्री कशावर चालते तर सुधारणेच्या दोन आठवड्यांवर, आधीचं लांबतं आणि मग कच्चं उत्तरच पक्कं म्हणून मांडलं जातं. ते दोन आठवडे वाचवा, वाटल्यास मोजणी अर्धी करा. साठ बॉक्सच्या ऐवजी तीस चालले असते आम्हाला.

मेंटॉर कोण असावा

साहेब नको. म्हणजे साहेबांनी शेवटच्या दिवशी यावं, पण दर आठवड्याला जो मुलांसमोर बसणार तो रोज ते काम करणारा माणूस हवा. साहेब आठवड्याला येत नाहीत हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे ते लांबून उंटावरून शेळ्या हाकतात. आमच्या सगळ्यात चांगल्या मेंटॉर त्या पॅकिंगच्या ताईच, सुरुवातीला नको नको म्हणत होत्या, माझं शिक्षण कमी, मी पोरांना काय सांगणार. तिसऱ्या आठवड्यात मुलं त्यांच्याशिवाय कुणाला विचारायला तयार नव्हती.

पाच-सहा मुलांच्या ग्रुपमागे एक मेंटॉर, आठवड्यातून पाऊण तास, ठरलेला वार ठरलेली वेळ. प्रत्येक मेंटॉरला एक बदली माणूस आधीच ठरवून ठेवा, कारण कुणीतरी आजारी पडणारच. आणि मेंटॉरच्या साहेबाकडून लेखी घ्या की हा पाऊण तास कामाच्या वेळेत धरला जाईल, हे नाही केलं तर नव्याचे नऊ दिवस होतात, तिसऱ्या आठवड्यापासून "आज जरा अडकलोय" चालू. मुलांना "अडकलोय" कळत नाही, त्यांना फक्त आला नाही एवढंच कळतं. खरं विचाराल तर कंपनी शाळेला पैसे देते, लॅपटॉप देते, ते सगळं ठीकच आहे, पण जी गोष्ट द्यायला जीवावर येतं ती म्हणजे हा पाऊण तास.

मेंटॉरना सुरुवातीला तासभर बसवून दोनच गोष्टी सांगायच्या. पहिली, उत्तर सांगू नका, परत विचारा: तुला असं का वाटतं, किती वेळा बघितलंस, हे चुकीचं निघालं तर कशावरून कळेल. दुसरी, शेरा कसा द्यायचा. "छान आहे" हा शेरा नाही. "हे काही जमलं नाही" हा पण नाही. शेरा मायेने दिलेला, नेमका आणि उपयोगी पडेल असा हवा. म्हणजे कसा, तर "तुमच्या तक्त्यात बॉक्सचा आकार नाहीये, मोठे आणि छोटे वेगळे मोजलेत तर मला कळेल की कुठल्या बॉक्ससाठी काय बदलायचं." एवढं. हे ऐकून मुलगा रडत नाही आणि फुगतही नाही, उठून टेप घेऊन येतो.

मार्क मात्र तुम्ही देऊ नका. मार्क शिक्षकांचा प्रांत. तुम्ही कामाबद्दल बोला, मुलाबद्दल नको. "हा मुलगा हुशार आहे, ती जरा मागे आहे" असलं काही कंपनीच्या माणसाच्या तोंडून निघता कामा नये.

कागदपत्रं आणि मुलांची काळजी

कंटाळवाणं आहे पण हे झाल्याशिवाय एक पाऊल पुढे नको. समोर अठरा वर्षांखालची मुलं आहेत. पालकांची लेखी संमती, कशासाठी ते स्पष्ट लिहून. फोटोची संमती वेगळी, आणि कुणी नाही म्हटलं तर त्या मुलाला कोपऱ्यात उभं करून फोटो काढायचा नाही, फोटोच काढू नका ना. कंपनीचा एकटा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नाही, शिक्षक किंवा दुसरा मोठा माणूस समोर हवाच. मुलांशी वैयक्तिक नंबरवरून मेसेज नाहीत, जे काय ते शाळेच्या खात्यावरून, शिक्षकांना दिसेल असं. शाळेची स्वतःची नियमावली असते, ती मागून घ्या आणि मेंटॉरकडून वाचून घ्या, सही घेऊन.

जागेवर भेट असेल तर सेफ्टीवाल्याला आधी बरोबर घेऊन फिरा, मुलं कुठून चालतील, कुठे थांबतील, कुठल्या मशीनच्या जवळपासही नाही. विमा शाळेचा लागू होतो की तुमचा, हे आधी विचारा, बैल गेल्यावर झोपा बांधण्यात अर्थ नाही.

मग फुकटच्या मजुरीचा विषय. यावर लोक अवघडतात म्हणून सरळ लिहितो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ आहे, त्यात कामाचं किमान वय साधारण १५ धरलंय, धोक्याच्या कामाला १८, शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या कामाला वेगळ्या अटी आहेत, आणि प्रत्येक देशाचा आपला कायदा त्यावर असतोच, तो तुमच्या लीगलला विचारा. पण कायद्याच्या आधी एक साधी कसोटी लावा: ही मुलं आली नसती तर हेच काम तुम्ही कुणाला तरी पगार देऊन करून घेतलं असतं का? हो असेल तर ते शिकणं नाही, मजुरी आहे. साठ बॉक्सवरची टिंबं शिकणं आहे, सहाशे बॉक्सवर लेबलं चिकटवून घेणं मजुरी.

आणि मुलांना सुचलेली कल्पना कुणाची? हे आधी लिहा, शेवटी नको. आम्ही साधं ठेवलंय, काम मुलांचं, त्यांना ते कुठेही दाखवता येईल, कंपनीला ते वापरायची मुभा, वापरलं तर नाव देऊन. मुलांकडून गोपनीयतेच्या करारावर सह्या घ्यायची वेळ येत असेल तर समजा प्रश्नच चुकीचा निवडलाय, दुसरा निवडा.

तुमचा स्वार्थ पण लपवू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय असते आपल्याला. पुढे चांगली माणसं मिळावीत, कंपनीचं नाव व्हावं, आपल्या लोकांना शिकवायची सवय लागावी, असं काहीतरी असतंच, ते शाळेला पहिल्या भेटीत सांगून टाका. शाळेला चालतं ते. चालत नाही ते नंतर कळणं. वर्गात जाहिरात मात्र नाही, कूपन नाही, "घरी सांगा आमच्याकडून घ्यायला" तर मुळीच नाही.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

मांडणीच्या दिवशी खुर्चीत तोच माणूस बसला पाहिजे ज्याला उत्तर हवं होतं, ज्याचं नाव तुम्ही सुरुवातीला सांगितलं होतं ना, तो. आणि त्याने खरे प्रश्न विचारले पाहिजेत. आमच्या डिस्पॅच मॅनेजरनी तिसऱ्या ग्रुपला विचारलं, तुमच्या पद्धतीने एक ट्रॉली भरायला किती वेळ जास्त लागतो? मुलांनी मोजलं नव्हतं. शांतता. मग एक जण म्हणाला, सर, आत्ता मोजून सांगू? आणि गेले की सगळे खाली, अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आकडा घेऊन आले. माझ्यासाठी त्या आठ आठवड्यांतला सगळ्यात भारी अर्धा तास तो. उगाच बक्षीस-बिक्षीस ठेवू नका, पहिला-दुसरा नंबर आला की बाकीचे ग्रुप आपलं काम तिथेच टाकून जातात.

दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक ग्रुपला लेखी उत्तर द्या, की हे आम्ही करतोय, हे एका टेबलावर करून बघतोय, किंवा हे करत नाही आणि त्याचं कारण हे. नकार चालतो मुलांना, कारणासकट असेल तर. जाड पुठ्ठ्याच्या ग्रुपला आम्ही नाही म्हणालो, कारण त्यांच्याच हिशोबात बॉक्सचं वजन वाढून पाठवायचा खर्च वाढत होता, आणि त्यांना ते आमच्या आधी लक्षात आलेलं होतं. तिसऱ्या ग्रुपची पद्धत एका लाइनवर लावली. दोन महिन्यांनी ती मुलगी, ट्रॉलीपाशी उभी राहणारी, सरांबरोबर परत आली बघायला, आणि ताईंनी तिला दाखवलं की आम्ही त्यात थोडा बदल केलाय, सगळ्यात वरच्या थराच्या खाली एक पुठ्ठ्याची चादर टाकतो आता. ती म्हणाली, हे आम्हाला का नाही सुचलं.

शाळेबरोबर पण एकदा बसा, तासभर, मुलांशिवाय. काय जमलं, कुठे मेंटॉर चुकले, पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुढे न्यायचा की नवा. तोच कागद, एक पानाचा, त्यावरच लिहा. तुमची बदली झाली किंवा सरांची झाली तर नव्या माणसाच्या हातात तो कागद आला पाहिजे, नाहीतर सगळं माणसावर चालतं आणि माणूस गेला की बंद.

लहान कंपनी असाल, चार-पाच माणसांची, तर एकच ग्रुप घ्या. किंवा आठवड्याला येणं जमणार नसेल तर फक्त तीन वेळा या: प्रश्न मांडायला, कच्च्या उत्तरावर बोलायला आणि शेवटी. व्हिडिओ कॉलवर आलात तरी चालेल, पण पहिली भेट समोरासमोर करा.

शाळेला पहिला मेसेज काय पाठवू असं बरेच जण विचारतात, मी साधारण हा पाठवतो, पाहिजे तर जसाच्या तसा उचला:

"नमस्कार मॅडम, आम्ही अमुक काम करतो. आमच्याकडे एक छोटा प्रश्न आहे ज्याचं उत्तर आम्हालाही माहीत नाही, आणि आठवी-नववीच्या मुलांना तो हाताळता येईल असं वाटतं. आमचे दोन सहकारी आठ आठवडे, दर आठवड्याला पाऊण तास देऊ शकतील, कामाच्या वेळेत, तसं आमच्या वरिष्ठांनी लिहून दिलंय. आधी तुमच्या सोयीने अर्धा तास भेटून तुमच्या वर्गाला कशाची गरज आहे ते ऐकायचंय. जमण्यासारखं नसेल तर तसंही सांगा, हरकत नाही."